एमएफआय तोच, मग पॅरिसन का लोंबतं?

पॉलिमरमध्ये एमएस्सी करून मी भोसरीच्या एका ब्लो मोल्डिंग (प्लास्टिकची गरम नळी साच्यात फुगवून कॅन बनवणाऱ्या) कारखान्यात क्वालिटीला लागलो. पहिल्याच महिन्यात एचडीपीईचा (कॅनसाठी लागणाऱ्या पॉलिथिलीनच्या दाण्याचा) नवा लॉट मी पास केला आणि रात्रपाळीत पाच लिटरच्या कॅनचा ढीग भंगारात गेला. डायमधून उतरणारी गरम नळी, म्हणजे पॅरिसन, मोल्ड मिटायच्या आत स्वतःच्याच वजनाने लोंबायची. वरची भिंत पापडासारखी, बुडाशी थर. पृष्ठभाग खरखरीत, मोटरचे अँपिअर चढलेले. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, दाणा वेगळाय." मी रिपोर्ट पुढे केला : एमएफआय, म्हणजे वितळलेला दाणा किती वाहतो त्याचा आकडा, ०.३५, जुन्या लॉटइतकाच.

दाणा वेगळाच होता.

१९० अंशांना वितळलेलं पॉलिथिलीन २.१६ किलोच्या वजनाखाली दहा मिनिटांत किती ग्रॅम बाहेर येतं, तो एमएफआय. पॉलिथिलीनचे रेणू म्हणजे लांब साखळ्या. साखळ्या लांब तर गुंता जास्त, प्रवाह कमी. पण एका दाण्यात सगळ्या साखळ्या सारख्या लांबीच्या कधीच नसतात. समजा, निम्म्यांचा रेणुभार १०,००० आणि निम्म्यांचा १,९०,०००. साधी सरासरी १,००,०००, पण वजनानुसार काढली तर १,८१,०००. या दोन सरासऱ्यांचं गुणोत्तर म्हणजे पीडीआय. पसारा किती, ते तो सांगतो. परीक्षेत हे गणित मी सोडवलं होतं. समजलं मात्र भंगाराच्या ढिगाशेजारी उभा असताना.

पसारा मोठा असला की आखूड साखळ्या वंगणाचं काम करतात आणि मोजक्या फार लांब साखळ्या पॅरिसनला धरून ठेवतात. नव्या लॉटमध्ये दोन्ही टोकं छाटलेली होती. इतक्या कमी पसाऱ्याचं इंजेक्शन मोल्डिंगच्या दाण्यात कदाचित कौतुकच झालं असतं.

हा पसारा थेट मोजणारं यंत्र, जीपीसी, छोट्या कारखान्यात नसतं, सँपल बाहेर पाठवावं लागतं. तोवर एक स्वस्त उपाय : एमएफआयच्याच मशीनवर २१.६ किलोचं वजन लावा. पसारा मोठा असलेला दाणा जास्त वजनाखाली जास्त भरभर वाहतो. आमचा जुना दाणा २८ ग्रॅम आला, नवा ११. (बॅरल भरताना नीट ठासा. बाहेर येणाऱ्या धाग्यात बुडबुडा दिसला तर तो तुकडा वजनात धरू नका. माझे पहिले चार आकडे त्यातच गेले.)

पुरवठादाराची चूक नव्हती, आम्ही एकच आकडा मागितला होता. आता ऑर्डरवर दोन असतात. उरलेला लॉट जुन्या दाण्यात थोडा थोडा मिसळून दोन महिन्यांत संपवला.