मुलांना नवीन नाव शिकवताना एक नको, दोन वस्तू दाखवा

दीड-दोन वर्षांचं पोर गायीला भुभू म्हणतं, घोड्यालाही भुभूच, आणि आपण "नाही रे, ही गाय" म्हणून मोकळे होतो. पण ते उगाच बोलत नसतं, एखादं नाव कानावर पडलं की ते अजून कशाकशाला लागू होईल याचा अंदाज ते बांधत असतं. तो कसा बांधतं हे घरीच बघता येतं.

आधी एक खोटं नाव ठरवा, खरं नको, ते त्याने आधी कुठे ऐकलेलं असू शकतं. समजा 'टिमू'. पुठ्ठ्याचा एक विचित्र आकार कापा. मग तोच आकार मोठा कापून त्यावर खरखरीत कापड चिकटवा, आणि तिसरा तुकडा पहिल्याच्याच पुठ्ठ्याचा पण वेगळ्याच आकाराचा. पहिला दाखवून म्हणा "हा टिमू", बाकीचे दोन पुढे ठेवा आणि विचारा, "अजून एक टिमू कुठाय?" विचारताना 'बरोबर' तुकड्याकडे बघू नका हं, मुलं आपली नजर पटकन पकडतात. बरीचशी मुलं कापडवाला मोठा तुकडा उचलतील, म्हणजे साइज आणि स्पर्श सोडून आकार धरतील. लँडाऊ, स्मिथ आणि जोन्स या संशोधकांनी १९८८ मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांत हेच दाखवलं. नाव न घेता नुसतं "याच्यासारखं दे" म्हटलं तर मात्र आकाराचा हट्ट एवढा पक्का राहत नाही. नावामुळेच लक्ष तिकडे वळतं, मला तरी हीच यातली भारी गोष्ट वाटते.

आता मुख्य स्टेप. आकारावर भिस्त ठेवली की गोची होते, कारण सायकल आणि चष्मा दोन्हींत दोन गोल असतात. गेंटनर आणि नेमी या संशोधकांनी १९९९ मध्ये चार वर्षांच्या मुलांना नुसती सायकल दाखवून नवं नाव सांगितलं, आणि हेच नाव चष्म्याला लागू होईल की स्केटबोर्डला असं विचारलं, तेव्हा मुलं दिसण्यावर गेली, चष्म्याकडे. पण सायकल आणि तीनचाकी शेजारी ठेवून दोघींना एकच नाव दिलं तर स्केटबोर्डकडे वळली, म्हणजे वस्तूच्या कामाकडे. म्हणून दोन वस्तू एकाच वेळी समोर ठेवा, एकच नाव घ्या आणि "बघ बरं, दोघांत काय सारखंय?" एवढं विचारून गप्प बसा. उत्तर आपणच सांगून टाकायचा मोह होतो, तो आवरा.

'पक्षी' असं मोठ्या गटाचं नाव असेल तर तीन कावळे दाखवून भागणार नाही, त्यातून पक्षी म्हणजे फक्त कावळा असा अर्थ निघू शकतो. कावळा, बदक, शहामृग असे दूरदूरचे घ्या.

वस्तूच्या भागाचं नाव शिकवताना आधी अख्ख्या वस्तूचं नाव सांगा. "हा कप", मग बोट फिरवत "आणि हा कपाचा कान". अनोळखी वस्तूकडे बोट करून डायरेक्ट भागाचं नाव घेतलं तर मूल ते अख्ख्या वस्तूलाच चिकटवतं.

आणि हो, क्रीम, फेस असल्या आकार न टिकणाऱ्या गोष्टींना टिमूची ट्रिक लावू नका. तिथे दोन वर्षांची मुलंही आकार सोडून पदार्थच धरतात, तेव्हा तोच पदार्थ थोडा इकडे थोडा तिकडे, वेगवेगळ्या आकारात पसरून नाव सांगा.