माळ्यावरची अर्धवट गोधडी पुरी कशी करायची

बऱ्याच घरांत माळ्यावर नाहीतर दिवाणात एखादी तरी अर्धी शिवलेली गोधडी असतेच. आईने किंवा आजीने शिवायला घेतलेली, मग हात दुखायला लागले, कुणाचं बाळंतपण आलं, घर बदललं आणि ती तशीच जुन्या चादरीत गुंडाळून राहिली. कुणी हौसेने दुपटं घेतलं शिवायला आणि बाळ आता शाळेत जायला लागलं. मला या गोधड्यांसाठी खरंच जीव तुटतो, कारण साड्या जमवणं, थर लावणं, कडा धरणं ही सगळी मोठी कामं झालेली असतात आणि तरी शेवटी ती फरशी पुसायला नाहीतर कुत्र्याखाली अंथरायला जाते.

दोन-तीन पडलेल्या असतील तर एकच बाहेर काढा, आणि सगळ्यात सुंदर नाही तर सगळ्यात जास्त झालेली. एक पुरी झाली की हाताला सवय लागते मग पुढची आपोआप निघते.

आधी कापड तपासा. दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड थोडं ताणायचं, टर्रकन फाटलं तर ते जीर्ण झालंय, त्यावर कितीही टाके घातले तरी दोऱ्याबरोबर कापडच फाटत जाणार. पण वरचाच थर गेला असेल तर गोधडी टाकू नका, त्यावर एक नवीन सुती साडी नाहीतर जुनं मऊ धोतर चढवा, आतलं सगळं तसंच कामाला येतं. कसर लागलीय का, घडीवर बुरशी आहे का तेही बघा. आणि हात फिरवताना जपून, कारण अर्ध्या कामात टोचून ठेवलेली सुई हमखास आत असते. ती गंजून कापडाला चिकटली असेल तर बोटांनी ओढत बसू नका, पक्कडीने सरळ रेषेत काढा. गंजाचा डाग पडला असेल तर लिंबू आणि मीठ लावून थोडा वेळ उन्हात ठेवलं की बराच जातो, फक्त रंगीत कापडावर आधी कोपऱ्यात करून बघा, लिंबाने रंग उडू शकतो. अर्धवट गोधडी मशिनमध्ये मात्र धुवायची नाही, आतले मोकळे थर गोळा होतात. कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवा, झटका, बास. धुणं शेवटी.

आता खरा भाग. आपली हाताची गोधडी बहुतेक वेळा बाहेरच्या कडेने सुरू करून चौकोनी फेऱ्या घालत आत आणतात, त्यामुळे अर्धवट राहिलेली गोधडी मधेच राहिलेली असते. तिथेच हात पोचत नाही, आणि तिथेच सगळं जास्तीचं कापड सरकत सरकत येऊन झोळ पडतो. बरेच जण तो झोळ बघूनच सोडून देतात. घाबरायचं नाही. गोधडी फरशीवर पसरा, शिवलेल्या बाजूंकडून मधे असा तळहात फिरवत आणा म्हणजे कुठला थर जास्त आहे ते दिसेल. वरचा थर जास्त असेल तर बरोबर मधोमध कात्रीने चीर द्या, एक कड दुसरीवर चढवून सपाट करा आणि टाचण्या लावा. आतला थर गोळा झाला असेल तर त्याच चिरेतून बोटं घालून तो बाहेर ओढा, जास्तीचा कापून टाका आणि परत आत सरकवा. खालचा असेल तर उलटी करून हेच. मग चिरेवर एक चौकोनी ठिगळ, शक्यतो त्याच साडीच्या पदराचं, चारी कडा अर्धा इंच आत दुमडून बारीक हेमिंग करून लावायचं. गोधडीच्या मधोमध पदराचा चौकोन इतका छान दिसतो की मुद्दामच केलाय असं वाटतं.

त्यानंतर राहिलेल्या भागाला कच्चा टाका परत घाला, वीतभर अंतरावर, लांब लांब. जुना कच्चा दोरा कुजलेला असतो त्याच्यावर विसंबू नका.

जुने धावदोरे वाकडे असले तरी उसवू नका प्लीज. तो आजीचा हात आहे, आपला टाका तसा येणार नाही आणि यायची गरजही नाही. तसाच दोरा मिळत नसेल तर मिळताजुळता शोधत दुकानं फिरण्यापेक्षा सरळ वेगळा रंग घ्या, म्हणजे कुठपर्यंत कुणी शिवलं ते कायम दिसत राहील. दोरा जाड सुती, हातभरच ओवायचा, मेणावरून एकदा ओढला की गुंता होत नाही. अंगुस्ताना घालाच, पाच-सहा थरांतून सुई ढकलताना बोट फुटतं.

काम किती उरलंय ते आकड्यात बघा, धीर येतो. मधला दोन फूट बाय चार फूट भाग राहिलाय आणि ओळी एकेक इंचावर घालायच्या तर साधारण शंभर फूट शिलाई झाली. एका बैठकीत दहा फूट धरा, म्हणजे दहा बैठकांत संपलं! पूर्वी ओसरीवर पसरून चौघीजणी चार बाजूंनी बसायच्या, फ्लॅटमध्ये ते जमत नाही, तर दोन्ही बाजू मधल्या भागापर्यंत गुंडाळून टाचण्या लावा आणि जेवणाच्या टेबलावर बसून शिवा, वजन टेबल उचलतं आणि मानही दुखत नाही.

एवढंही होणार नसेल तर लहान करा. आधी कापायच्या रेषेच्या आतून दोन फेऱ्या शिवून घ्या आणि मगच कात्री लावा, नाहीतर थर सुटतात. मोठ्या वाकळेतून एक दुपटं आणि एक बसकर आरामात निघतं. तुकडे जोडून वरचा भाग तयार आहे आणि आतला पॉलिफिल, म्हणजे भरायचा कृत्रिम कापूस, तसाच पडलाय असं पॅचवर्क असेल तर शिवूच नका, चार-चार इंचांवर जाड दोऱ्याने आरपार टाका घेऊन पक्क्या गाठी मारा, दुपारभरात होतं. मशिनवर करायचं तर सोळा नंबरची सुई, टाका लांब ठेवा आणि कापड ओढू नका. हाताच्या गोधडीचा मऊपणा मशिनला येत नाही हे माझं स्पष्ट मत, पण न झालेल्या गोधडीपेक्षा मशिनची बरी.

कडेला साडीचाच काठ लावा. साडेपाच मीटरच्या साडीला दोन काठ म्हणजे जवळजवळ ३६ फूट पट्टी, आणि पाच बाय सात फुटांच्या गोधडीला चारी बाजू मिळून २४ फूट लागते, कोपरे दुमडून सुद्धा भरपूर उरते.

पुरी झाली की कच्चे दोरे काढा आणि पहिली धुलाई वेगळी, थंड पाण्यात, रिठ्याने. पिळायची नाही. वाळत घालताना एका दोरीवर टांगू नका, ओल्या गोधडीचं वजन सगळं नव्या टाक्यांवर येतं, दोन-तीन दोऱ्यांवर पसरून घाला आणि अर्धी वाळली की उलटवा.