फायबरच्या कोटिंगची स्ट्रिप फोर्स चाचणी: आकडा नेमका कुठे चुकतो

ऑप्टिकल फायबरची काच १२५ मायक्रॉनची. तिच्यावर ॲक्रिलेटचे (एक प्रकारचं प्लास्टिक) दोन थर चढले की व्यास २५० मायक्रॉनच्या आसपास जातो. आतला थर मऊ, बाहेरचा कडक. हे कवच सोलायला किती जोर लागतो, ते ही चाचणी सांगते. नेहमीच्या सिंगल-मोड फायबरला सरासरी १ ते ५ न्यूटन जोर आणि पीक, म्हणजे सर्वात जास्त जोर, ८.९ न्यूटनच्या आत, एवढं अपेक्षित असतं.

सोलापुरात सूत तपासायचं टेन्साइल मशीन मिळेल, पण ५०० न्यूटनच्या लोड सेलवर (जोर मोजणारा भाग) हे दोन-चार न्यूटन धड दिसणार नाहीत. २० किंवा ५० न्यूटनचा सेल बसवा.

नमुने आदल्या रात्रीच २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवा. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीच्या वर असतो. वीज जाऊन एसी बंद पडला तर त्या दिवशीची रीडिंग धरू नका. ॲक्रिलेट तापलं की मऊ पडतं, जोर कमी दिसतो, आणि माल चांगला असल्याचा उगाच भास होतो.

फायबर थेट जबड्यात आवळू नका. कोटिंग चेपतं, सरकतं, नाहीतर काच तिथेच तुटते. कॅपस्टनवर (गुळगुळीत गोल रीळ) तीन-चार फेरे देऊन मग टोक अडकवा. फायबर कॅपस्टन सोडतं तिथे पेनाने खूण करा. खूण सरकली की रीडिंग बाद.

मोकळ्या टोकापासून ३० मिमीवर स्ट्रिपरची पाती मिटवा आणि मिनिटाला ५०० मिमी वेगाने ओढा. फायबर पात्यांच्या भोकाच्या अगदी मधोमध हवं. किंचित तिरकं गेलं तरी पातं काचेला घासतं आणि जोर फुगतो.

आलेखात आधी उंच टोक दिसतं, मग बऱ्यापैकी सपाट चाल. ती चाल करवतीसारखी झाली तर पात्यापुढे बघा: कोटिंग साडीच्या निऱ्यांसारखं चुणून गोळा झालेलं असतं. बहुतेक वेळा दोष पात्याला चिकटलेल्या जुन्या कचऱ्याचा. प्रत्येक नमुन्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पातं पुसायचा कंटाळा महागात पडतो.

सोललेली काच मात्र पुसायच्या आधी सूक्ष्मदर्शकाखाली धरा. एकाच बाजूला कोटिंग राहिलं असेल तर फायबर मधोमध नव्हतं. सगळीकडून राहिलं असेल तर पात्याची धार तपासा, मग चिकटपणावर शंका घ्या.

असे दहा नमुने करा. ओल्या चाचणीसाठी वेगळे नमुने १४ दिवस पाण्यात बुडवून ठेवा. बोअरचं जड पाणी नको, डिआयनाइज्ड, म्हणजे क्षार काढलेलं, घ्या. बाहेर काढल्यावर वाळू न देता लगेच ओढा. काचेचे तुकडे झाकणाच्या डब्यात टाका. बोटात घुसले तर दिसतही नाहीत.