पुण्याला येताय? कुठल्या स्टेशनला उतरायचं ते तिकीट काढायच्या आधी ठरवा

मागच्या दिवाळीत आमचे काका कल्याणहून माझ्या बहिणीकडे चिंचवडला यायला निघाले. गाडी मिळाली, खिडकी मिळाली, कर्जतला वडापाव पण झाला. आणि मग बहिणीला फोन, "अगं, चिंचवडचा पिवळा बोर्ड आत्ता समोरून गेला की, गाडी थांबलीच नाही!" थांबणारच नव्हती, कारण त्या गाडीला चिंचवडचा हॉल्टच नाही. काकांनी "पुण्याला जाणारी गाडी" एवढंच बघून तिकीट काढलेलं. मग पुणे स्टेशनला उतरले, दुपारची वेळ, लोकलला भली मोठी गॅप, मेट्रोने पीसीएमसीपर्यंत (पिंपरी-चिंचवडचं मेट्रो स्टेशन) ये म्हटलं तर मध्ये सिव्हिल कोर्टला बदलायचं ऐकूनच नको म्हणाले, शेवटी दोन बॅगा आणि चकलीचा डबा मांडीवर घेऊन रिक्षाने उलटे चिंचवडला. ज्या रस्त्याने गाडीत बसून आले तोच रस्ता परत, फक्त ह्यावेळी ट्रॅफिकमधून आणि खिशातून.

तेव्हापासून कोणी पुण्याला यायचं म्हटलं की मी आधी प्रश्न विचारते, मग बाकीचं.

पहिलं काम म्हणजे ज्यांच्याकडे जायचंय त्यांना एरिया विचारा, नुसतं "पुणे" नको. निगडीवाला पण पुण्यातच राहतो म्हणतो आणि हडपसरवाला पण, दोघांच्या मध्ये अख्खं शहर आहे. आणि यजमान सवयीने सांगतात, "तू स्टेशनला उतर, मी येतो घ्यायला", ते ऐकू नका, त्यांनाच विचारा की तुमच्या घरापासून जवळचं स्टेशन कुठलं. बऱ्याच जणांना स्वतःलाच माहीत नसतं, तेव्हा मॅप उघडून बघायचं.

मग बघायचं गाडी कुठल्या बाजूने येतीये. मुंबईकडून आलात तर लोणावळ्यानंतर तळेगाव, देहूरोड, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी, खडकी, शिवाजीनगर आणि मग पुणे, असा क्रम (मधली काही छोटी स्टेशनं सोडली मी). नागपूर, सोलापूर, नगर बाजूने आलात तर दौंड, उरुळी, लोणी, हडपसर आणि मग पुणे. कोल्हापूर-सांगलीकडून आलात तर जेजुरी, सासवड रोड, घोरपडी करत पुणे. म्हणजे चिंचवडला जाणारा माणूस मुंबईहून आला तर त्याला पुणे स्टेशन बघायचीच गरज नाही, आणि नागपूरहून आला तर पुणे स्टेशनला उतरून लोकल धरावी लागणार. कोल्हापूरहून मुंबईला जाणारी गाडी असेल तर पुण्यानंतर ती शिवाजीनगर किंवा चिंचवडला थांबते का बघा, थांबत असेल तर तिकीट तिथपर्यंतच काढा.

आता मुंबईकडून येणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर, कारण घोळ इथेच जास्त होतो.

निगडी, प्राधिकरण, रावेत असेल तर आकुर्डी. पण तिथे मेल-एक्सप्रेस फारशा थांबत नाहीत, लोणावळ्याला उतरून लोकल पकडायची तयारी ठेवा. वाकड, थेरगाव, चिंचवडगाव आणि हिंजवडीला जायचं असेल तर चिंचवड. हिंजवडीत नोकरीला येणारी नवी पोरं हमखास पुणे स्टेशनला उतरतात आणि मग तिथून वीसेक किलोमीटर कॅबने उलटे जातात, आणि सकाळची वेळ असेल तर वाकडच्या पुलाखाली बसून आईला फोन करतात की पोचलो, पोचलो म्हणजे अजून पोचलो नाही.

औंध, बाणेर, डेक्कन, एफसी रोड, जेएम रोड, मॉडेल कॉलनी असेल तर शिवाजीनगर. माझ्या मते हे पुण्यातलं सगळ्यात कमी वापरलं जाणारं चांगलं स्टेशन आहे. छोटं आहे, बाहेर पडायला वेळ लागत नाही, आणि शेजारीच जमिनीखालचं मेट्रो स्टेशन. तिथून स्वारगेटची मेट्रो धरली की सिव्हिल कोर्ट, कसबा पेठ, मंडई, स्वारगेट, संपलं. सदाशिव, नारायण, शनिवार, कुठल्याही पेठेत जायचं असेल तर हाच रस्ता, गणपतीच्या दिवसांत तर दुसरा विचारच करू नका. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा तुकडा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी आलेल्या नातेवाइकांना हे माहीतच नसतं. कात्रज, धनकवडीवाल्यांनी पण स्वारगेटपर्यंत मेट्रो आणि पुढे पीएमपीची सिटी बस करावी. एक मात्र सांगते, शिवाजीनगरला उतरून पुढे एसटी पकडायची असेल तर स्टेशनजवळचा जुना स्टँड आता नाही, तो वाकडेवाडीला हलवलाय.

कॅम्प, कोरेगाव पार्क, येरवडा, विमाननगर, एअरपोर्ट असेल तर सरळ पुणे स्टेशन.

राहिलं कोथरूड, आणि इथे घराघरात वाद आहेत. आमच्या घरी, नळस्टॉपला, येणाऱ्याला बाबा सांगतात शिवाजीनगरला उतर, जवळ पडतं. अंतराने जवळ आहेच. पण मेट्रोने यायचं असेल तर शिवाजीनगरची लाइन वेगळी आणि कोथरूडकडे येणारी वनाझची वेगळी, मध्ये सिव्हिल कोर्टला बदलायचं, आणि ते स्टेशन म्हणजे खालची मेट्रो जमिनीच्या ३३ मीटर खाली आणि वरची पुलावर. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे, पण हातात दोन बॅगा आणि सोबत आजी असेल तर एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्यावर जाता जाता आजी विचारते, "अजून किती वर?" त्यापेक्षा पुणे स्टेशनला उतरा, तिथून वनाझची मेट्रो डायरेक्ट आहे, गरवारे कॉलेज, नळस्टॉप, आयडियल कॉलनी, न बदलता. रिक्षानेच येणार असाल तर मात्र बाबांचं बरोबर, शिवाजीनगर.

पुणे स्टेशनवरून मेट्रो पकडताना सगळे एक चूक करतात, एक नंबर प्लॅटफॉर्मच्या मेन गेटने बाहेर पडतात. तिथे रिक्षावाले घेरतात, आणि मेट्रो तर मागच्या बाजूला, राजा बहादूर मिल रोडला आहे. त्यामुळे उतरल्यावर पादचारी पूल चढा आणि मेट्रोचा बोर्ड बघत मागच्या बाजूला चला.

आता हॉल्ट तपासणं, जे काकांनी केलं नाही. गाडीचं नाव टाकून पूर्ण टाइमटेबल उघडा, नुसती सुटायची आणि पोचायची वेळ नको. डेक्कन क्वीन चिंचवडला थांबत नाही, सिंहगड एक्सप्रेस मात्र चिंचवड, पिंपरी, खडकी, शिवाजीनगर सगळीकडे थांबत येते. मुंबईहून दक्षिणेला जाणाऱ्या लांबच्या गाड्यांपैकी बऱ्याच लोणावळ्यानंतर एकदम पुण्यालाच थांबतात. आणि जिथे हॉल्ट आहे तिथे पण मिनिट-दोन मिनिटांचाच, त्यामुळे आधीचं स्टेशन गेलं की बॅगा दारापाशी. ह्या वर्षी काका सिंहगडने आले, देहूरोडपासूनच दारात उभे होते, आजूबाजूचे वैतागले असतील.

तिकीट काढताना स्टेशनचा कोड वाचा. आयआरसीटीसीवर पुणे टाकलं तरी लिस्टमध्ये आजूबाजूच्या स्टेशनच्या गाड्या पण येतात आणि घाईत कोण बघतंय. एचडीपी म्हणजे हडपसर. हैदराबादकडची एक गाडी तिथूनच सुटते, पुणे स्टेशनला जाऊन उभं राहिलात तर ती तुम्हाला दिसणार पण नाही. आणि हडपसर स्टेशन हडपसर गाडीतळापाशी नाहीये हां, मुंढव्याच्या बाजूला आहे. मगरपट्टा, केशवनगर, खराडीवाल्यांना ते मस्त आहे, पण सासवड रस्त्याकडे राहणाऱ्याला नावावरून वाटतं तेवढं जवळ नाही. दुसरा सापळा म्हणजे दौंड. दौंड जंक्शन वेगळं आणि दौंड कॉर्ड लाइन हे स्टेशन वेगळं, कोड डीडी आणि डीडीसीसी. पूर्वी मनमाडकडून पुण्याला येणारी गाडी दौंडला इंजिन फिरवून उलटी निघायची, आता कॉर्ड लाइनने बऱ्याच गाड्या ते टाळतात. दिल्ली-बंगळुरू कर्नाटक एक्सप्रेस तर पुण्यात येतच नाही, दौंडकडूनच निघून जाते, त्या गाडीने पुण्याला यायचं तर दौंडपासून पुढे ७५ किलोमीटर राहतातच.

दौंडकडून येताना अजून एक, पुणे स्टेशनला प्लॅटफॉर्म रिकामा नसला की गाडी घोरपडीच्या आसपास आऊटरला, म्हणजे स्टेशनबाहेरच्या सिग्नलला, उभी राहते. लोक कंटाळून रुळांवर उड्या मारतात, बॅगा खाली फेकतात. करू नका, शेजारच्या लाइनवरून गाड्या चालू असतात.

वेळेचं पण बघा. मेट्रो सकाळी ६ ते रात्री ११. गाडी पहाटे ४ ला पोचत असेल तर घर आकुर्डीजवळ असो की खडकीजवळ, मी तरी पुणे स्टेशनच सांगेन, तिथे रात्रभर उजेड असतो, चहा मिळतो, वेटिंग रूम आहे, माणसं असतात. छोट्या स्टेशनला त्या वेळी तुम्ही आणि कुत्री. आणि लोकलवर विसंबून असाल तर लक्षात ठेवा, काही लोकल शिवाजीनगरलाच संपतात, पुण्यापर्यंत येत नाहीत.

परत जाताना हेच उलटं करायचं असेल, म्हणजे तिकीट पुण्याचं पण चढायचं शिवाजीनगरला किंवा चिंचवडला, तर आयआरसीटीसीवर बोर्डिंग पॉइंट बदलून घ्या, निदान एक दिवस आधी. एकदा बदललं की मग मूळ स्टेशनला चढायचा हक्क राहत नाही. पण रिझर्व्हेशन नसेल, जनरलने जाणार असाल तर कितीही लांब पडलं तरी पुणे स्टेशनलाच जा, पुण्याहून सुटणाऱ्या गाडीत जागा तिथेच मिळते, शिवाजीनगरपर्यंत दारापाशी एक पाय ठेवायला मिळाला तरी नशीब.