गँडाल्फ म्हणजे आपला देवचार नव्हे! फँटसी कादंबरीची मुळं शोधायची कशी

आमच्या म्हापशातल्या वाचणाऱ्या टोळक्यात एकाने एकदा ठोकूनच दिलं, अरे 'द हॉबिट'मधला जादूगार गँडाल्फ म्हणजे आपला देवचारच की, हातात काठी, खांद्यावर कांबळं, रात्रीचा एकटा फिरून गावाची सीम राखणारा गोव्यातला राखणदार. ऐकायला इतकं भारी वाटलं की मीपण चार दिवस हेच सांगत फिरलो. पण सारखं दिसलं म्हणजे तिथूनच घेतलं असं होत नाही ना. त्याचा लेखक टॉल्किन जन्मला साऊथ आफ्रिकेत, वाढला इंग्लंडात, त्याला आमचा देवचार भेटणार कुठे?

म्हणून पहिल्यांदा बघायचं ते हे की लेखकाच्या हाताला काय लागू शकत होतं, त्याला कुठल्या भाषा येत होत्या, पोटापाण्याला काय करत होता. टॉल्किन ऑक्सफर्डात जुन्या इंग्रजीचा प्रोफेसर, जुनी नॉर्स, म्हणजे मध्ययुगातली स्कँडिनेव्हियाची भाषा, तीही शिकवण्याइतकी येणारा. एवढं कळलं की अर्धं काम झालं.

मग नावं धरा, नावं पटकन सापडतात. १९३७ च्या 'द हॉबिट'मधली थोरिन, बोंबूर, नोरी ही बुटक्यांची नावं 'व्होलुस्पा' या जुन्या नॉर्स कवितेतल्या यादीतून आलीत. गँडाल्फ पण त्याच यादीत, तिथे तो चक्क बुटका आहे! आणि १९४६ च्या एका पत्रात टॉल्किन स्वतःच त्याला ओडिन या नॉर्स देवाच्या जातीचा भटक्या म्हणतो. काठी, टोपी, झगा सगळं तिकडचं. देवचाराची केस तिथेच निकालात.

पण खरी मजा पुढे आहे, आणि बहुतेक जण इथे यायच्या आधीच थांबतात. सापडलेल्या मुळात लेखकाने काय बदललं ते बघा. 'बिओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यात कोणीतरी ड्रॅगनच्या खजिन्यातून एक पेला चोरतो, ड्रॅगन पिसाळतो, घरं जाळत सुटतो, आणि म्हातारा राजा त्याच्याशी लढून मरतो. 'हॉबिट'मध्येही बिल्बो ड्रॅगनचा पेलाच उचलतो, आणि तो ड्रॅगन, स्मॉग, गाव जाळायला निघतो. फरक बघा हां, जुन्या काव्यात चोराला धड नावसुद्धा नाही, दोन ओळीत येतो नि जातो, आणि टॉल्किनने त्या चोरालाच हिरो करून अख्खी गोष्ट त्याच्या नजरेने सांगितली. मला तरी हे यादीतल्या पन्नास नावांपेक्षा मोठं वाटतं. गंमत म्हणजे १९३८ मध्ये 'ऑब्झर्व्हर' या इंग्रजी वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की बिओवुल्फ माझ्या मोलाच्या आधारांपैकी एक, पण लिहिताना ते मुद्दाम डोक्यात नव्हतं, चोरी गोष्टीच्या ओघात आली. म्हणजे लेखकाची पत्रं वाचाच, पण तो सांगेल तेवढ्यावर थांबू नका.

आणि सगळं पुस्तकातूनच येतं असं नाही. टॉल्किन १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होता, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्स' या त्याच्या कादंबरीत पाण्याखाली मेलेले चेहरे दिसतात ती दलदल त्या लढाईनंतरच्या उत्तर फ्रान्सचं थोडंफार देणं लागते, हेही त्यानेच लिहून ठेवलंय.

प्रॅक्टिस करायची तर लांब कशाला जा, आपल्या गोव्यातलं 'ख्रिस्तपुराण' घ्या. फँटसी नव्हे, पण हात बसवायला एकदम बरं. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, १६१६ मध्ये राशोलला छापलं, तेही रोमी लिपीत. कथा बायबलची पण ओवी आपली, स्वर्गाला शब्द सरळ वैकुंठ. वहीत दोन रकाने पाडा, तिकडून काय आलं नि इथलं काय, आणि एकेक पान भरत जा. पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन विचारा. सुरुवातीला भाषा जड जाते, मोठ्याने वाचलं की सुटत जाते.