गाडीतल्या छोट्या एलईडी मंद पेटतात? या चुका टाळा

केबिनचा दिवा किंवा डॅशखाली चिकटवलेली पट्टी मिणमिणती वाटली की बरेच जण सरळ रेझिस्टन्स (करंटला आवर घालणारा भाग) कमी करतात. चार दिवस लख्ख उजेड पडतो, मग एकेक एलईडी निळसर पडत विझते.

गाडीची बॅटरी नावालाच 12 व्होल्टची. इंजिन बंद असताना ती 12.6 च्या आसपास असते. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर (इंजिनवर फिरणारं जनित्र) 14.4 पर्यंत नेतो. पट्टीत तीन-तीन पांढऱ्या एलईडी एकामागे एक जोडलेल्या असतात आणि त्या तिघींनाच साधारण 9.3 व्होल्ट लागतात. उरलेले व्होल्ट रेझिस्टन्सवर पडतात, करंट ठरतो तो त्यांच्यावरच. समजा, घरगुती पट्टीत 150 ओहम आहेत. अडॅप्टरच्या 12 व्होल्टला 18 मिलिअँप जातात, पण गाडीच्या 14.4 ला 34! एलईडी असते 20 मिलिअँपची. स्वतः जोडत असाल तर तीन एलईडींमागे 270 ओहम, पाव वॅट घाला. इंजिन चालू असताना 19 मिलिअँप मिळतात. इंजिन बंद केलं की ते 12 वर येतात, त्यामुळे उजेड जोखायचा तर इंजिन चालू ठेवूनच. सगळ्या एलईडी समांतर जोडून एकच रेझिस्टन्स लावणं मात्र टाळाच. करंट सारखा वाटला जात नाही, एक जळते आणि तिचा भार बाकीच्यांवर येतो.

हाच हिशोब उलटाही लागतो. इंजिन बंद असताना वायरिंगमध्ये 1 व्होल्ट हरवला, तर 270 ओहमवाल्या जोडणीत करंट जवळपास 30 टक्क्यांनी घटतो. म्हणून आधी अर्थिंग, म्हणजे दिव्याची गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी जोडणी, तपासा. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी होल्डरच्या अर्थवर ठेवा. होल्डरमध्ये त्या वेळी मूळचा 5 वॅटचा बल्ब पेटता हवा, एलईडी नको. बल्ब 0.4 अँपिअर ओढतो म्हणून कच्चा जोड उघडा पडतो. एलईडीच्या किरकोळ करंटला तो कळतही नाही. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचा स्क्रू काढा, पत्रा चमकेपर्यंत पॉलिश पेपर मारा, घट्ट आवळून वरून ग्रीस लावा. नंबर प्लेटच्या दिव्यात पावसाळ्यानंतर होल्डरच्या पितळी पट्ट्या हिरव्या पडलेल्या सापडतात. त्याही घासा आणि जरा आत वाकवा, म्हणजे एलईडीला घट्ट टेकतील.

व्होल्टेज ठीक असूनही उजेड कमी? मग काचेकडे बघा. लाल काचेमागे पांढरी एलईडी लावली की उजेड फिका, गुलाबीसर दिसतो, कारण तिच्या प्रकाशात लाल भाग कमी आणि बाकीचा काच अडवते. तिथे लाल एलईडीच हवी. रिफ्लेक्टरवाल्या दिव्यात फक्त समोर उजेड फेकणारी टी10 (छोट्या, बिनटोपीच्या बल्बच्या मापाची एलईडी) घातली तर मधोमध ठिपका दिसतो, कडा काळ्याच राहतात. चारी बाजूंनी चिप असलेली घ्या. केबिनच्या दिव्याचं झाकण साबणाच्या पाण्याने धुवा. थिनरने प्लॅस्टिक पांढुरकं होऊन तडकतं.

एलईडी सुरुवातीला झगझगीत आणि दहा मिनिटांनी मंद होत असेल तर ती तापतेय. तिथे कमी वॅटची बसवा.