ढगाळ हवेत ठोकळ्यांवर झारी फिरवू नका

आभाळ भरलेले, ऊन नाही, हवा दमट. अशा दिवसांत मातीच्या ठोकळ्यांत (कुंडीशिवाय, साच्यात दाबलेल्या मिश्रणात) पेरलेले बी उगवते छान, पण आठवडाभरात रोपे मानेत पिचून आडवी होतात. हीच रोपांची मर. रोग पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशींचा, पण तिला वाट करून देते ती सकाळ-संध्याकाळ फिरणारी झारी.

ठोकळा चारही बाजूंनी उघडा असतो, म्हणून कडा आधी सुकून फिकट दिसतात आणि पाहणारा घाईने पाणी घालतो. आत ओल भरपूर असते. रंगावर जाऊ नका, ठोकळा उचलून वजन बघा. हलका लागला तरच ट्रेमध्ये अर्धा सेंटीमीटर पाणी सोडा, 10-15 मिनिटे शोषू द्या, उरलेले ओतून टाका. कडक उन्हात हे रोज करावे लागेल. ढगाळ हवेत दोन-दोन दिवस लागणार नाही. पार कोरडा मात्र होऊ देऊ नका.

मिश्रण (मापाने, वजनाने नव्हे):
- दोन-तीन पाण्यांत धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) 3 भाग
- पूर्ण कुजलेले, चाळलेले कंपोस्ट 2 भाग
- चाळलेली माती 1 भाग
- जाड वाळू 1 भाग

कंपोस्टला वास किंवा ऊब असेल तर ते कच्चे आहे, वापरू नका. मिश्रण भिजवून रात्रभर झाकून ठेवा. मूठ आवळल्यावर बोटांतून थोडे थेंब यावेत आणि गोळा टिकावा. कोरडे दाबले तर ठोकळा फुटतो. पातळ झाले तर बसतो आणि मुळांना हवा मिळत नाही.

साचा: 5 सेंटीमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा, आत सैल सरकणारी लाकडी चकती, तिला दांडा. चकतीच्या मधोमध बोल्टचे डोके ठेवले की बियासाठी खळगा आपोआप पडतो. टोमॅटो, वांगी, मिरचीला हा आकार पुरतो. काकडी, भोपळ्याला मोठा घ्या. दोन ठोकळ्यांत एक सेंटीमीटर फट ठेवा, म्हणजे मुळे कडेला येऊन हवेने थांबतात, शेजारच्या ठोकळ्यात शिरत नाहीत.

बीजप्रक्रिया: ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) 5 ग्रॅम प्रतिकिलो बियाणे. मर दिसताच पडलेली रोपे ठोकळ्यासकट बाहेर काढा, बाकीच्यांना कॉपर ऑक्सिक्लोराइड (50 टक्के, तांब्याचे बुरशीनाशक) 2.5 ग्रॅम प्रतिलिटर पाण्यातून आळवणी करा, म्हणजे मुळाशी ओता. ट्रायकोडर्मा आणि तांबे एकत्र नको, तांबे त्यालाही मारते.

ह्युमिक ॲसिडची, 'रूट बूस्टर'ची (मुळे वाढवणारे म्हणून विकतात ते) बाटली दुकानदार पुढे करेल. पहिली खरी पाने येईपर्यंत रोप बियातल्या साठ्यावर जगते, पुढे कंपोस्ट पुरते. आडवे पडलेले रोप कोणत्याही बाटलीने उभे राहत नाही.

ठोकळ्यावर हिरवे शेवाळ दिसले की तीन-चार दिवसांत मर येणार, असा आमचा अंदाज. पुस्तकातला नियम नव्हे, पण पाणी जास्त झाल्याची खूण पक्की.

मुळांची पांढरी टोके बाजूंना दिसली की रोप लावा. लावताना ठोकळा भिजवलेला हवा आणि वरून मातीने पूर्ण झाकलेला. कड उघडी राहिली तर तेवढ्यातूनच ओल उडते आणि ठोकळा मुळांसकट सुकतो.